पेटीवरचा आकडा आणि पंख्याचा आवाज

घरी जुळवायच्या कॉम्प्युटरची यादी कागदावर उतरते तेव्हा तिचा क्रम जवळपास ठरलेला असतो. आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. कॅबिनेट कसं दिसावं यावर घरात थोडी चर्चाही होते. पैसे संपत आले की तळाशी एक ओळ पडते: एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. मुंबईतला लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, या ओळीबद्दल गिऱ्हाईक सहसा एकच प्रश्न विचारतं, किती वॅटचा? उत्तरादाखल जितका मोठा आकडा मिळेल तितकं मनाला बरं वाटतं. पुढची पाच-सात वर्षं घरातल्या सगळ्यांना ऐकू जाणारा आवाज मात्र बऱ्याचदा याच डब्यातून येतो, आणि तो किती येणार हे पेटीवरच्या मोठ्या आकड्यावरून कळत नाही. या लेखाचं म्हणणं साधं आहे. साध्या घरगुती कॉम्प्युटरसाठी शांत पॉवर सप्लाय आणि परवडणारा पॉवर सप्लाय ही दोन वेगळी गिऱ्हाइकं नाहीत. भीतीपोटी घेतलेले आणि कधीच न वापरले जाणारे वॅट वजा केले, तर तेवढ्याच पैशात दोन्ही गोष्टी पदरात पडतात.

आवाज येतो कुठून, हे आधी बघू. भिंतीतल्या सॉकेटमधून २३० व्होल्टची एसी वीज येते. कॉम्प्युटरला हवी असते ती १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी. हे रूपांतर करताना थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, आणि ती उष्णता बाहेर फेकायला पंखा लागतो. आवाजाचा जन्म विजेतून होत नाही, वाया गेलेल्या विजेतून होतो. १९७७च्या ॲपल टू या कॉम्प्युटरची गोष्ट यासाठी आठवण्यासारखी आहे. स्टीव्ह जॉब्जना त्यात पंखा नको होता. मग रॉड होल्ट यांनी त्यासाठी स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय तयार केला. ही पद्धत त्यांनी शोधलेली नव्हती, पण त्या काळच्या जड ट्रान्सफॉर्मरवाल्या लिनिअर पॉवर सप्लायपेक्षा ती खूपच कमी तापायची, आणि पंखा खरोखरच टळला. एसएमपीएस या आद्याक्षरांतला पहिला ‘एस’ तो हाच, स्विच. चार वर्षांनी आलेल्या आयबीएम पीसीचा पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा होता आणि त्यात पंखा होता. तेव्हापासून पंखा गेलेला नाही. प्रश्न उरला आहे तो त्याला किती काम पडतं याचा.

ते काम मोजता येतं. एक नेहमीची जुळणी घेऊ: इंटेलचा कोअर आय-५ १२४०० प्रोसेसर आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड. प्रोसेसरची कमाल टर्बो मर्यादा ११७ वॅट, कार्डाची ११५. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि कॅबिनेटचे पंखे मिळून सढळ हाताने ५० धरले, तरी बेरीज २८० वॅटच्या आसपास थांबते. हाही सगळे भाग एकाच क्षणी जीव तोडून काम करत असतानाचा आकडा. गेम खेळताना प्रोसेसर क्वचितच त्याच्या कमाल मर्यादेला जातो, आणि मराठीत टाइप करताना किंवा सिनेमा बघताना तर हा कॉम्प्युटर ५०-६० वॅटवर निवांत असतो. तरीही याच जुळणीसाठी ७५० आणि ८५० वॅटचे सल्ले सर्रास दिले जातात. खुद्द एनव्हिडियाची ४०६०साठीची शिफारस ५५० वॅटची आहे. ११५ वॅटच्या कार्डाला ५५० का, तर समोरच्याचा प्रोसेसर किती खादाड आहे आणि त्याचा पॉवर सप्लाय किती खोटं बोलतो हे कार्ड बनवणाऱ्याला माहीत नसतं. शिफारशीत सुरक्षिततेची पुरेशी रक्कम आधीच भरलेली असते. तिच्यावर दुकानदार आपली भर घालतो, आणि मग आपण आपली.

पॉवर सप्लाय खोटं बोलतो, हे जरा उलगडून सांगायला हवं. आजचे प्रोसेसर आणि कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनना आता फारसं काम उरलेलं नाही. डब्याच्या बाजूच्या स्टिकरवर प्रत्येक लाइनचे ॲम्पिअर छापलेले असतात. १२ व्होल्टच्या ॲम्पिअरना १२ने गुणलं की खरी ताकद कळते. लाइन ४५ ॲम्पिअरची असेल तर गुणाकार ५४० येतो, म्हणजे ५५० वॅटचा दावा बरोबर आहे. वर ठळक अक्षरांत ४५० लिहिलंय आणि १२ व्होल्टवर १६ ॲम्पिअरच आहेत, तर हाती पडले १९२ वॅट. उरलेले वॅट कमी व्होल्टच्या, न लागणाऱ्या लाइनवर वाटलेले असतात, किंवा फक्त छापलेले असतात. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट येणाऱ्या एसएमपीएसचं स्टिकर या नजरेनं वाचलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप ठरतात. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या, मोबाइलवरही होतो.

आता वाया जाणाऱ्या विजेकडे. २००४ साली अमेरिकेत ‘८० प्लस’ नावाचा उपक्रम सुरू झाला. पॉवर सप्लायची कार्यक्षमता ठराविक लोडवर किमान ८० टक्के असावी, ही त्याची पहिली अट. पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, टायटॅनियम अशा पायऱ्या त्यावर चढल्या. आपल्याकडच्या २३० व्होल्टसाठीची परीक्षा अमेरिकेतल्या ११५ व्होल्टच्या परीक्षेपेक्षा कडक आहे, कारण जास्त व्होल्टेजवर करंट कमी लागतो आणि नुकसानही कमी होतं. निम्म्या लोडवर ब्राँझला ११५ व्होल्टच्या परीक्षेत ८५ टक्के पुरतात, २३०च्या परीक्षेत ८८ लागतात. गोल्डला ९२, प्लॅटिनमला ९४, टायटॅनियमला ९६. वरच्या जुळणीचे २८० वॅट ५५० वॅटच्या डब्यावर टाकले तर तो निम्म्या लोडवर येतो. अशा वेळी ब्राँझ डब्यात ३८ वॅट उष्णता तयार होते, गोल्डमध्ये २४, प्लॅटिनममध्ये १८, टायटॅनियममध्ये १२. कसलंही प्रमाणपत्र नसलेल्या जुन्या धाटणीच्या डब्याची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर तिथे १२० वॅटची भट्टी पेटते, आणि ती विझवायला पंखा जिवाच्या आकांतानं फिरतो.

या आकड्यांचे पैसे केले की चित्र आणखी स्पष्ट होतं. रोज चार तास पूर्ण लोड आणि युनिटला दहा रुपये, असा ढोबळ हिशेब घेऊ. बिनप्रमाणित डब्यावरून ब्राँझवर आलात तर ८२ वॅट वाचतात, वर्षाला सुमारे १२० युनिट, म्हणजे बाराशे रुपये. दोन डब्यांच्या किमतीत तीनेक हजारांचा फरक असला तरी अडीच वर्षांत तो वसूल होतो. ब्राँझवरून गोल्डवर जाताना मात्र १४ वॅटच वाचतात. वर्षाला वीस युनिट, दोनशे रुपये. त्यासाठी दोन-अडीच हजार जास्त मोजले तर ते फिटायला दहा-बारा वर्षं लागतील, आणि गोल्डवरून टायटॅनियमवर जाण्याचे पैसे या जन्मी फिटायचे नाहीत. म्हणजे पहिली पायरी चढणं ही काटकसर आहे. दुसरी पायरी चढायची तर ती विजेच्या बिलासाठी नको, त्याला दुसरं कारण हवं. तिसरी-चौथी पायरी हा हौसेचा मामला. जाहिरातीत मात्र या सगळ्या पायऱ्या एकाच सुरात ‘वीज वाचवा’ म्हणून विकल्या जातात.

ते दुसरं कारण म्हणजे शांतपणा. इथेही ८० प्लसच्या बिल्ल्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या आसपासच्या खोलीत होते, आणि तीत आवाज मोजलाच जात नाही. संरक्षक सर्किट नीट काम करतात का, हेही त्या बिल्ल्याला विचारू नये. २०२१मध्ये गिगाबाइट कंपनीच्या जीपी-पी७५०जीएम या मॉडेलचं प्रकरण गाजलं. गोल्डचा बिल्ला असलेले हे डबे स्वतंत्र परीक्षकांच्या चाचणीत जास्तीच्या लोडवर फुटत होते. कंपनीनं ऑगस्टमध्ये निवेदन काढलं, क्षमतेपेक्षा जास्त लोड आल्यावर डबा बंद पडण्याची मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवरून ११० ते १२० टक्क्यांवर आणली, आणि आधीचे डबे बदलून द्यायची तयारी दाखवली. बिल्ला खोटा नव्हता. त्यानं ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं ते दिलं होतं, लोकांनी त्याच्याकडून भलत्याच प्रश्नांची उत्तरं गृहीत धरली होती.

आवाजाचं उत्तर पंख्याच्या गतीत आहे. हवा फिरवणाऱ्या पंख्यांचा एक जुना नियम असा, की हवेचं प्रमाण गतीच्या प्रमाणात बदलतं, पण आवाज गतीच्या साधारण पाचव्या घातानं. गती निम्मी केली तर हवा निम्मी होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. दहा डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, तेव्हा १५ म्हणजे फारच मोठी उतरण. मिनिटाला १,५०० फेऱ्यांचा पंखा ७५०वर आला की त्याच खोलीत तो आहे की नाही अशी शंका येते. म्हणूनच ३८ आणि २४ वॅटमधला, बिलात नगण्य ठरलेला फरक इथे कामाला येतो. १४ वॅट कमी उष्णता म्हणजे थोडी कमी हवा, थोडी कमी गती, आणि त्या थोड्या कमी गतीचा बराच कमी आवाज. अर्थात डब्याच्या आतल्या कंट्रोलरनं पंखा खरोखर हळू फिरू दिला तर. एकाच बिल्ल्याच्या दोन डब्यांत एकाचा पंखा ६०० फेऱ्यांवर सुरू होतो, दुसऱ्याचा १,२००च्या खाली कधी येतच नाही. ज्या परीक्षेत हा फरक दिसतो ती सायप्रसच्या सायबेनेटिक्स या संस्थेची. ती कार्यक्षमतेसोबत आवाजही मोजते, आणि तिच्या लॅम्डा श्रेणीत १५ डेसिबलखालच्या डब्याला ‘ए प्लस प्लस’, तर १५ ते २० डेसिबलवाल्याला ‘ए प्लस’ मिळतं. हे आकडे वेगवेगळ्या लोडवरच्या आवाजाची सरासरी असतात. शांततेसाठी पैसे मोजायचे असतील तर सोनेरी बिल्ल्याआधी हा शेरा शोधावा.

पंखा कसला आहे हेही पाहावं. जुन्या डब्यांत मागच्या बाजूला ८० मिलिमीटरचा छोटा पंखा असायचा, आता १२० किंवा १३५-१४० मिलिमीटरचा मोठा असतो. मोठं पातं तेवढीच हवा कमी फेऱ्यांत हलवतं. त्याहून महत्त्वाचं बेअरिंग. साधं स्लीव्ह बेअरिंग नवं असताना शांतच असतं, पण आजच्या डब्यांत पंखा आडवा, छताच्या पंख्यासारखा बसतो, आणि त्या स्थितीत आणि उष्णतेत त्यातलं तेल लवकर सुकतं. मग दोन-तीन वर्षांनी सकाळी कॉम्प्युटर चालू केला की आधी घरघर ऐकू येते. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग जास्त टिकतं. वॉरंटी तीन वर्षांची आहे की सात-दहा, यावरूनही आत काय घातलंय याचा अंदाज येतो. कंपनीला स्वतःच्या मालावर किती वर्षं भरवसा आहे, हे तिनं आकड्यात लिहून दिलेलं असतं.

मोठ्या डब्याच्या बाजूनं एक युक्तिवाद खरोखरच वजनदार आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. ८५० वॅटच्या गोल्ड डब्यावर २८० वॅट टाकले तर तो ३३ टक्क्यांवर काम करतो. अशा कित्येक डब्यांत ३०-४० टक्क्यांपर्यंत पंखा फिरतच नाही. मग मोठा डबा शांत ठरला नाही का? ठरला, पूर्ण लोडवर ठरला. पण कॉम्प्युटरचं बहुतेक आयुष्य पूर्ण लोडवर जात नाही. ५०-६० वॅटवर बसलेल्या कॉम्प्युटरला १,००० वॅटचा डबा देणं म्हणजे दोघांचा भात लग्नाच्या पातेल्यात शिजवणं. क्षमतेच्या दहा टक्क्यांखाली कार्यक्षमता घसरू लागते, आणि ८० प्लसच्या वर सांगितलेल्या पायऱ्यांपैकी टायटॅनियम सोडली तर २० टक्क्यांच्या खाली कुणाचीच परीक्षा होत नाही. ६० वॅट म्हणजे ५५० वॅटच्या डब्याचे ११ टक्के आणि हजाराच्या डब्याचे सहा. त्या लोडवर बऱ्या डब्याचा पंखा एरवीही ऐकू येत नाही, म्हणजे शांततेत काही भर पडत नाही. भर पडते ती फक्त किमतीत. त्यापेक्षा ८५० वॅटच्या डब्याचे जादा पैसे ५५० किंवा ६५० वॅटच्याच डब्यात, चांगल्या बेअरिंगवर आणि चांगल्या कपॅसिटरवर खर्च झाले तर ते रोज कामाला येतात. खऱ्या बेरजेच्या दीड ते दुप्पट क्षमता हा माझ्या मते पुरेसा नियम आहे. ग्राफिक्स कार्डच नसेल, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर भागणार असेल, तर बेरीज पावणेदोनशेच्या वर जात नाही. अशा कॉम्प्युटरला ४५० वॅटचा नामांकित ब्राँझ डबा घेतला की तो निम्म्याहून कमी लोडवर, जवळजवळ निःशब्द चालतो. एवढ्या जुळणीला गोल्डचा आग्रह मी धरणार नाही.

पंखा पूर्ण बंद ठेवणाऱ्या या सोयीबद्दल मात्र माझं मत थोडं कडवट आहे. युरोपातल्या वीस अंशांच्या खोलीत ती छानच चालते. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. खोलीत कूलर लावून ३५ अंश राखले तरी कॅबिनेटच्या आत त्याहून जास्तच असतात. अशा वेळी पंखा थांबलेला डबा आतल्या आत तापत राहतो, मग पंखा एकदम सुरू होतो, दोन मिनिटांत थांबतो, परत सुरू होतो. सतत येणारा मंद आवाज कान विसरतो, चालू-बंद होणारा विसरत नाही. शिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आडाखा आहे. ८५ अंशांऐवजी १०५ अंशांसाठी बनवलेले कपॅसिटर आहेत का, हे त्यामुळेच पाहतात. ५००-६०० फेऱ्यांवर कायम फिरणारा पंखा ऐकू येत नाही, आणि आतल्या भागांना वारा मिळत राहतो. म्हणून पंखा बंद ठेवायचं बटण असेल तर आपल्या उन्हाळ्यात ते न वापरलेलं बरं. याच कारणासाठी मुळीच पंखा नसलेल्या महागड्या डब्यांचा मोहही टाळावा. ते चांगले असतात, पण त्यांची उष्णता वाहून नेण्याचं काम कॅबिनेटच्या दुसऱ्या पंख्यांवर पडतं आणि बिल मात्र दुपटीनं येतं. पेटीवर पूर्ण वॅट ४० अंशांना दिले आहेत की ५० अंशांना, हेही वाचावं. आपल्याला ५०चाच हवा.

पुढे काय लागेल सांगता येत नाही, म्हणून मोठाच घ्यावा, हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. यातला खरा भाग असा, की पॉवर सप्लाय प्रोसेसरच्या दोन पिढ्या पाहतो. पण ११५ वॅटच्या वर्गातलं कार्ड घेणारा माणूस पुढच्या वेळी साधारण त्याच किमतीचं कार्ड घेतो, ४५० वॅटचं आरटीएक्स ४०९० नव्हे. ४०६०च्या आधीचं आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅटचं होतं. या वर्गाची भूक पिढीगणिक वाढतेच असंही नाही. आणि खरोखर एवढी मोठी उडी घ्यायची झालीच तर कनेक्टरही बदललेले असतात. २०२२मध्ये पॉवर सप्लायसाठीचं एटीएक्स ३.० हे मानक आलं तेव्हा मोठ्या कार्डांसाठी १६ पिनांचा नवा कनेक्टर आला, पुढच्याच वर्षी ३.१मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. उद्यासाठी आज घेतलेले हजार वॅट उद्याच्या केबलशी जुळतीलच याची खात्री कोण देणार?

दुसरा आक्षेप जास्त तांत्रिक आणि जास्त प्रामाणिक आहे. कार्ड सरासरी जेवढी वीज घेतं, त्याहून बरीच जास्त सेकंदाच्या सूक्ष्म भागापुरती ओढतं. २०२०मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डं आली तेव्हा चांगले, कागदावर पुरेसे असलेले पॉवर सप्लायही अधूनमधून बंद पडू लागले होते. त्या अनुभवातून एटीएक्स ३.०मध्ये नव्या कनेक्टरच्या मोठ्या डब्यांना १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार पेलता आला पाहिजे, अशी तरतूद आली. ३२० वॅटच्या ३०८०ला ही चिंता रास्तच होती. आपल्या जुळणीत ४०६०ने क्षणभर दुप्पट म्हणजे २३० वॅट ओढले, प्रोसेसर त्याच क्षणी ११७वर असला, बाकीचे ५० धरले, तरी बेरीज ३९७ होते. ५५० वॅटच्या खऱ्या डब्यात अजून दीडशे शिल्लक आहेत. ‘खऱ्या’ या शब्दावर भर देऊन वाचावं.

मग कुणी म्हणेल, कॅबिनेटसोबत आलेला साधा एसएमपीएस आमच्या ऑफिसात आठ वर्षं चालला. चालला असेलच. सत्तर-ऐंशी वॅटच्या, कार्ड नसलेल्या कॉम्प्युटरला तो पुरतो, आणि थोड्या लोडवर त्याच्या उणिवा झाकल्या जातात. त्याचा प्रश्न उघडा पडतो तो वीज गेल्यावर, आणि वीज हा तर आपला स्वतंत्र अध्याय आहे. वीज गेली की यूपीएस भार घेईपर्यंत काही मिलिसेकंदांची पोकळी पडते, साधारण दहापर्यंतची. तेवढा वेळ डब्यातल्या मोठ्या कपॅसिटरनं साठवलेल्या विजेवर कॉम्प्युटर तगवायचा असतो. एटीएक्स ३.०च्या मार्गदर्शिकेत पूर्ण लोडवर १२ आणि ८० टक्के लोडवर १७ मिलिसेकंदांची अपेक्षा आहे. स्वस्त डब्यात पहिली काटकसर याच कपॅसिटरवर होते, कारण तो महाग असतो आणि बाहेरून दिसत नाही. मग यूपीएस असूनही वीज जाताच कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि दोष यूपीएसच्या बॅटरीला लागतो. क्षमता नेमकी ठेवण्याचा फायदा इथेही आहे. घरोघरी असलेल्या ६०० व्हीएच्या यूपीएसची ताकद साधारण ३६० वॅटची असते. २८० वॅटची जुळणी चांगल्या डब्यातून ३०४ ते ३१८ वॅट ओढते, म्हणजे त्यात मावते. ७० टक्क्यांच्या डब्यातून तीच ४०० वॅट ओढते आणि यूपीएस हात टेकतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तिथे आणखी एक ओळ वाचावी. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलं आहे की फक्त २०० ते २४०. दुसऱ्या प्रकारचा डबा १८० व्होल्टवर मान टाकू शकतो.

जाता जाता अर्थिंगबद्दल. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात म्हणून चांगले डबे परत केले जातात. इनपुट फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर कॅबिनेटच्या धातूला जोडलेले असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्या धातूवर पुरवठ्याच्या निम्मं, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी क्षीण असतो, पण हाताला जाणवतो. दोष घराच्या वायरिंगचा. तो डबा बदलून जात नाही, इलेक्ट्रिशियन बोलावून जातो.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो सगळ्यात मराठी आहे: डोक्यावर पंखा गरगरतोय, बाहेर रिक्षा, शेजारी मिक्सर, त्यात एसएमपीएसचा आवाज ऐकतो कोण? मार्च ते जून हा मुद्दा मान्य. छताचा पंखा मोठ्या पट्ट्यात सारखा घुमतो आणि त्याखाली असे मंद आवाज झाकले जातात. डिसेंबरातल्या रात्री पंखा बंद असतो, पावसाळ्यातही कित्येकदा. एकाच खोलीत एकाचा अभ्यास, दुसऱ्याची झोप आणि तिसऱ्याचं ऑनलाइन काम चाललेलं घर आता अपवाद नाही. घरून आवाजाचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांचा मायक्रोफोन तर कुणालाच माफ करत नाही. शिवाय हा आवाज कमी करायचा काही भाग फुकट आहे. आजच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये डबा तळाशी बसतो. तळाला जाळी असेल तर पंखा खाली तोंड करून बसवावा, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डानं तापवलेल्या हवेऐवजी त्याला खोलीतली हवा मिळते आणि तो हळू फिरतो. कॅबिनेट थेट सतरंजीवर न ठेवता चार बोटं उंच ठेवावं, जाळीची धूळ महिन्याकाठी झाडावी. तळाला जाळीच नसेल तर पंख्याचं तोंड वर करावं, नाहीतर तो पत्र्याला तोंड लावून गुदमरतो.

एक आवाज मात्र वरच्या कुठल्याही हिशेबात बसत नाही, तो म्हणजे कॉइलचा. आतल्या तारांच्या वेटोळ्यांतून करंट झपाट्यानं बदलत जातो तेव्हा त्या तारा आणि त्यांचा गाभा सूक्ष्मपणे थरथरतात. ती थरथर ऐकू येणाऱ्या पट्टीत आली की डासाच्या गुणगुणण्यासारखा बारीक, टोचणारा सूर निघतो. छताच्या पंख्याखालीही तो लपत नाही. महाग डब्यातही तो असू शकतो, एकाच मॉडेलच्या दोन नगांपैकी एकात असू शकतो, एका ग्राफिक्स कार्डासोबत वाजतो आणि दुसऱ्यासोबत गप्प राहतो. कधी तो डब्याचा नसून कार्डाचाच असतो. त्याला बिल्ला नाही, श्रेणी नाही, स्टिकरवर जागा नाही. परीक्षा एकच. डबा घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात रात्री पंखे बंद करून, एखादा जड गेम लावून, कान कॅबिनेटजवळ नेऊन ऐकणं. म्हणून विकत घेताना दोन दुकानांत शंभर-दोनशे रुपयांचा फरक असेल तर जे दुकान डबा बदलून देण्याची मुदत बिलावर लिहून देतं त्याच्याकडून घ्यावा, आणि ती मुदत संपेपर्यंत खोका व केबलच्या पिशव्या माळ्यावर टाकू नयेत.